न उलगडलेले खून आणि खासगी तज्ज्ञांचे गट : नेमके काम काय, मर्यादा कुठे?

कौलारू

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची विडोक सोसायटी जुन्या, न उलगडलेल्या खुनांवर पोलिसांना सल्ला देते. तिच्यावर जे लेख वाचायला मिळतात त्यांत एकच चित्र रंगवलेले असते. निवृत्त तपास अधिकारी, न्यायवैद्यक डॉक्टर, मानसशास्त्राचे जाणकार एकत्र जेवायला बसतात, कुठल्यातरी छोट्या गावचा पोलीस अधिकारी पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या खुनाची फाईल उघडतो आणि जेवण उरकेपर्यंत खुनी कोण ते कळते. ज्या फाईलपुढे तपास पथकाने वर्षानुवर्षे हात टेकले, ती दोन तासांत कशी सुटेल?

म्हणून जाणकारांना विचारतो. असे गट कोणत्या अटींवर प्रकरण हाती घेतात? मृताच्या घरच्यांना थेट त्यांच्याकडे जाता येते का? पोलिसांपाशी नसलेले असे त्यांच्यापाशी काय असते? डीएनएवरून नातेवाईक शोधायचे तंत्र आल्यापासून नुसती चर्चा करणाऱ्यांना काही काम उरले आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचे, त्यांचे मत चुकले तर भोगायचे कोणी? कथा नकोत, कामाची पद्धत हवी.

दप्तर

शंका रास्त आहे. बैठकीत खुनी सापडत नाही. फार तर पुढे कोणती चाचणी करायची आणि कोणाचा जबाब पुन्हा घ्यायचा, एवढे ठरते. तेवढेही पुष्कळ असते, कारण अशी बहुतेक प्रकरणे पुढचे पाऊल न सुचल्यामुळेच कपाटात गेलेली असतात.

आधी थोडी माहिती. सोसायटी १९९० मध्ये तिघांनी काढली : फिलाडेल्फिया पोलीस, एफबीआय आणि सीमाशुल्क खाते अशा तिन्ही ठिकाणी काम केलेले विल्यम फ्लायशर, मिशिगनच्या तुरुंगखात्यातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉल्टर आणि शिल्पकार फ्रँक बेंडर. नाव घेतले ते फ्रान्सच्या विडोकचे (१७७५–१८५७). हा आधी स्वतः गुन्हेगार, मग पॅरिसच्या गुप्त तपास शाखेचा पहिला प्रमुख. त्याने १८३३ मध्ये खासगी तपास कार्यालयही काढले. तो ८२ व्या वर्षात वारला, म्हणून सोसायटीने पूर्ण सभासदांची संख्या ८२ ठरवली.

एक गैरसमज इथेच दूर करतो. जॉन लिस्ट या माणसाने ९ नोव्हेंबर १९७१ रोजी न्यू जर्सीत आपले कुटुंब मारले आणि तो जवळजवळ १८ वर्षे नाव बदलून राहिला. बेंडरने जुन्या फोटोंवरून त्याच्या उतारवयाचा अर्धपुतळा घडवला : मागे सरकलेली केसांची रेषा, ओघळलेले गाल, जाड काड्यांचा चष्मा. २१ मे १९८९ ला तो टीव्हीवर दाखवला गेला आणि १ जूनला लिस्टला अटक झाली. हे यश सोसायटीच्या खात्यावर सर्रास मांडले जाते, पण तेव्हा सोसायटी स्थापनच झालेली नव्हती.

अटी तीन. प्रकरण किमान दोन वर्षे जुने हवे. मृत व्यक्ती खुनाच्या वेळी वेश्याव्यवसाय, अमली पदार्थांचा धंदा अशा कशात गुंतलेली नसावी. आणि प्रकरण पोलिसांनी किंवा सरकारी वकिलांच्या कार्यालयानेच मांडायला हवे. म्हणजे घरच्यांना दार थेट उघडत नाही, त्यांनी तपास यंत्रणेला तयार करायचे. सभासद मानधन घेत नाहीत आणि फाईल घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्याचा प्रवासखर्च सोसायटी करते.

आता "पोलिसांपाशी नसलेले काय?" अमेरिकेत सुमारे १८,००० स्वतंत्र पोलीस यंत्रणा आहेत आणि त्यातल्या बहुतेक अगदी लहान. अशा ठिकाणच्या अधिकाऱ्याच्या हाताखालून अख्ख्या नोकरीत दोन-तीन खून जातात. त्याला रक्ताच्या डागांचे फोटो कोणाला दाखवावेत, शवविच्छेदनाच्या अहवालातले कोणते वाक्य खटकायला हवे, १९८५ चा कोणता मुद्देमाल आज पुन्हा तपासता येतो, हे सांगणारे आसपास कोणी नसते. एका खोलीत कीटकतज्ज्ञ, दंतवैद्यकतज्ज्ञ, विषतज्ज्ञ आणि शेकडो खून हाताळलेले चार तपासनीस भेटले, की सहा महिन्यांचा पत्रव्यवहार एका दुपारी होतो.

मर्यादा दाखवणारे उदाहरणही फिलाडेल्फियातलेच. फेब्रुवारी १९५७ मध्ये फॉक्स चेस भागात एका खोक्यात लहान मुलाचा मृतदेह सापडला. त्याची भित्तिपत्रके गॅसच्या बिलांसोबत घरोघर गेली, तरी ओळख पटली नाही. सोसायटीच्या सभासदांनी हे प्रकरण अनेक वर्षे धरून ठेवले. १९९८ मध्ये अवशेष बाहेर काढून दातातून मायटोकाँड्रियाचा डीएनए मिळवला आणि मुलाला आयव्ही हिल दफनभूमीत नीट जागा मिळाली. पण मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडच्या रेषेचा, आणि जुळवून पाहायला समोर कोणी हवे. ते नव्हते. २०१९ मध्ये अवशेष पुन्हा काढले, वंशावळीचे तंत्र लावले आणि ८ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे नाव जाहीर झाले. ६५ वर्षांनी. मारणारा कोण, ते अजूनही सिद्ध झालेले नाही. प्रकरण जिवंत ठेवणे हे गटाचे काम होते आणि उत्तर प्रयोगशाळेतून आले. दोन्हींपैकी एक जरी नसते, तरी त्या मुलाला नाव मिळाले नसते.

पेशी

डीएनएच्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण इथे खासगी गटांचे काम सगळ्यात मोजता येण्याजोगे आहे.

पोलिसांच्या राष्ट्रीय डीएनए साठ्यात माणसाच्या जनुकसंचातल्या फक्त २० जागा नोंदवलेल्या असतात (२०१७ च्या आधी १३). त्यावरून "हाच तो माणूस" हे ठरते, पण दूरचा नातेवाईक ओळखता येत नाही. वंशावळ तंत्रात ६ लाखांहून जास्त जागा वाचतात, हौसेने चाचणी केलेल्या लोकांच्या साठ्याशी ताडतात आणि दोन व्यक्तींमध्ये सलग सारखे तुकडे किती, ते सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात. सरासरी अशी : आई-वडील आणि मूल सुमारे ३,४००, सख्खी भावंडे २,६००, चुलत-मावस भावंडे साधारण ८७०, त्यांची मुले एकमेकांशी २३० च्या आसपास आणि त्याच्या पुढची पिढी ७५ च्या आसपास. या सरासरी आहेत, प्रत्यक्षात आकडा बराच वरखाली होतो. ७५ चा नातेवाईक कधी २० देतो, कधी शून्य.

खरे कष्ट यानंतर सुरू होतात. समजा २३० सेंटिमॉर्गनचा एक नातेवाईक मिळाला. म्हणजे त्याचे आणि अज्ञात व्यक्तीचे पणजोबा-पणजी बहुधा एकच. पण पणजोबा-पणजींच्या जोड्या चार. नाते आणखी एक पिढी दूरचे असेल तर जोड्या आठ. प्रत्येक जोडीची सगळी संतती खाली आजपर्यंत उतरवायची : जनगणना, जन्म-मृत्यू नोंदी, लग्नाचे दाखले, वर्तमानपत्रांतली निधनवृत्ते. मग दुसरा नातेवाईक घ्यायचा, जो पहिल्याशी अजिबात जुळत नाही, आणि त्याचेही झाड तसेच उतरवायचे. दोन झाडे ज्या लग्नात एकमेकांना भेटतात, त्या जोडप्याच्या मुला-नातवंडांत तुमचा माणूस असतो. पुढे वय, लिंग, त्या काळातला राहण्याचा पत्ता, यावरून यादी आवळत आणायची.

हे काम करणारे बहुतांश लोक पोलिसांतले नव्हेत. डीएनए डो प्रोजेक्ट ही २०१७ मध्ये कॉलीन फिट्झपॅट्रिक आणि मार्गारेट प्रेस यांनी काढलेली स्वयंसेवी संस्था फक्त बेवारस मृतदेहांना नावे मिळवून देते. १९८१ मध्ये ओहायोत सापडलेल्या आणि ३७ वर्षे "बकस्किन गर्ल" म्हणून ओळखल्या गेलेल्या तरुणीचे नाव त्यांच्या स्वयंसेवकांनी २०१८ मध्ये शोधले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात १३ खून करणारा माजी पोलीस पकडला गेला. त्यातली वंशावळ बार्बरा रे-व्हेंटर या निवृत्त पेटंट वकील बाईंच्या मार्गदर्शनाखाली बांधली होती.

आता काय बिघडते ते. एका गावात, एका जमातीत पिढ्यानपिढ्या आपसांत लग्ने झाली असतील, तर सेंटिमॉर्गन फुगतात आणि दूरचे नाते जवळचे भासते. दत्तक मूल किंवा कागदावर एक नि प्रत्यक्षात दुसराच बाप असेल, तर झाड बरोबर असूनही उत्तर चुकते. आणि ज्या समाजातल्या लोकांनी हौसेने डीएनए चाचण्या केलेल्याच नाहीत, तिथे साठ्यात जवळचा कोणीच मिळत नाही.

सगळ्यात धोक्याचे म्हणजे फक्त वाय गुणसूत्रावर विसंबणे. बापाकडून मुलाकडे ते जवळपास जसेच्या तसे जाते, त्यामुळे थोड्याच जागा तपासल्या तर शेकडो वर्षांपूर्वी वेगळे झालेले पुरुषही जुळतात. कॅलिफोर्नियाच्या त्याच प्रकरणात २०१७ मध्ये अशा जुळणीवरून ओरेगॉनमधल्या वृद्धाश्रमातल्या ७३ वर्षांच्या निरपराध माणसाचा नमुना घेतला गेला. आयडाहो फॉल्समधल्या १९९६ च्या खुनातही २०१४ मध्ये याच पद्धतीने दुसऱ्या राज्यातल्या माणसावर संशय आला आणि पूर्ण तपासणीत तो सुटला. त्या खुनासाठी आणखी एक जण १९९८ मध्ये कबुलीजबाबावर दोषी ठरून २०१७ पर्यंत तुरुंगात होता. खरा माणूस २०१९ मध्ये वंशावळीतून सापडला, तेव्हा ती कबुली खोटी ठरली.

म्हणून नियम एकच : वंशावळीने सुचवलेले नाव हा पुरावा नाही, दिशा आहे. त्या माणसाचा टाकलेला पेला किंवा सिगारेटचे थोटूक कायदेशीर मार्गाने मिळवायचे, नेहमीच्या २० जागांची चाचणी घटनास्थळाच्या नमुन्याशी ताडायची आणि ती जुळली तरच पुढे जायचे. अमेरिकी न्याय खात्याच्या २०१९ च्या धोरणात हेच आहे : आधी राष्ट्रीय साठ्यात शोध हवा, गुन्हा खून किंवा लैंगिक हिंसेसारखा गंभीर हवा आणि फक्त वंशावळीवरून अटक नाही. त्याच वर्षी मे महिन्यात जीईडीमॅच या, लोक आपला डीएनए स्वतः चढवतात अशा साठ्याने पोलिसी शोधासाठी सभासदांची स्पष्ट संमती घ्यायला सुरुवात केली. मेरीलँड राज्याने तर २०२१ च्या कायद्याने न्यायाधीशाची परवानगी बंधनकारक केली.

कौलारू

पेशी, खूपच उपयोगी. एक उपप्रश्न. जुना नमुना कणभरच उरलेला असतो. तो वंशावळीसाठी वापरायचा की नेहमीच्या चाचणीसाठी, हे कोण ठरवते आणि कशावरून?

पेशी

ठरवायचे तपास यंत्रणेने, सरकारी वकील आणि प्रयोगशाळा यांच्याशी बोलून. बाहेरच्या तज्ज्ञाने फक्त योग्य प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : नमुन्यात मानवी डीएनए किती? एकूण डीएनएचा आकडा फसवा असतो, जमिनीतून काढलेल्या हाडात बहुतांश जिवाणूंचा असतो. दुसरा : तुकडे किती लहान झालेत? मोठ्या तुकड्याची आणि लहान तुकड्याची मोजणी ताडून ते कळते. तिसरा : मिश्रण आहे का, आणि त्यात मृताचा वाटा किती? लैंगिक गुन्ह्यातल्या नमुन्यात शुक्रपेशी वेगळ्या काढता येतात. नुसत्या स्पर्शाच्या नमुन्यात तशी सोय नाही.

नेहमीच्या २० जागांच्या चाचणीला साधारण १ नॅनोग्रॅम चांगला डीएनए पुरतो. वंशावळीसाठी लाखो जागा एकदम वाचणाऱ्या चिपला उत्पादक २०० नॅनोग्रॅम मागतो. त्याहून कमीत काम भागते, पण चुकीचे वाचन वाढते आणि खोटे नातेवाईक दिसू लागतात. म्हणून अगदी थोडा किंवा फार झिजलेला नमुना असेल, तर चिपऐवजी संपूर्ण जनुकसंच वाचणाऱ्या प्रयोगशाळेकडे जायचे.

नमुन्यातून काढलेला डीएनएचा सगळा अर्क एकाच प्रयत्नात कधीच खर्च करायचा नाही. नमुना संपणारच असेल तर ते लेखी नोंदवायचे आणि कोणावर आधीच आरोप ठेवलेले असतील तर बचाव पक्षाला कळवायचे. आधी मूळ कपडा, दोर, नखांची कात्रणे, सूक्ष्मदर्शकाच्या जुन्या काचपट्ट्या शोधा. काचपट्टीचे आवरण उचलून त्याखालच्या पेशी मिळवता येतात, आणि मुद्देमालाच्या खोलीत नसलेली पट्टी पुष्कळदा शवविच्छेदन कार्यालयाच्या कपाटात निघते.

शेवाळ

चर्चा टेबल आणि प्रयोगशाळा यांतच फिरते आहे, म्हणून मैदानात काम करणाऱ्या गटाबद्दल. कोलोराडोतल्या नेक्रोसर्च या स्वयंसेवी संस्थेचे काम म्हणजे लपवून पुरलेले मृतदेह शोधणे. सुरुवात १९८० च्या दशकाच्या अखेरीस मेलेली डुकरे पुरून झाली, कारण वजन, चरबी आणि विरळ केस यांमुळे डुकराचे कुजणे माणसाशी बरेच मिळते. त्या खड्ड्यांवर वर्षानुवर्षे माती, वनस्पती, चुंबकीय फरक, कीटक, हवाई छायाचित्रे या सगळ्याची मोजमापे घेतली गेली.

त्यातून ठरलेला क्रम असा : आधी स्वस्त आणि काही न बिघडवणारे, खोदकाम सर्वांत शेवटी. घटनेच्या आधीची आणि नंतरची हवाई छायाचित्रे ताडायची. मग पायी पाहणी. उकरलेली माती परत त्याच खड्ड्यात तेवढीच बसत नाही. आधी उंचवटा राहतो, काही महिन्यांत तो खचून खळगा होतो, आणि पोटाचा भाग कुजला की त्या खळग्यात आणखी एक लहान खळगा पडतो. उकरलेल्या जागी पहिल्यांदा तण येते, आजूबाजूची मूळ झाडी परतायला बरीच वर्षे लागतात. खड्ड्यातून आरपार वाढलेले मूळ मिळाले तर त्याची वलये मोजून "किमान इतकी वर्षे झाली" हे वनस्पतीशास्त्रज्ञ सांगतो.

श्वानाने जिथे इशारा दिला तिथेच मृतदेह असेल असे नाही. गंध पाण्याबरोबर उताराने खाली जातो. म्हणून इशाऱ्याच्या वरच्या बाजूला शोधायचे.

भूमिभेदी रडारबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ते हाडे दाखवत नाही. मातीचे थर जिथे तुटलेत ती जागा दाखवते. साधारण ४०० ते ५०० मेगाहर्ट्झचा अँटेना घेऊन २५ ते ५० सेंटिमीटर अंतराच्या समांतर ओळींत फिरवतात. कोरड्या वाळूत चित्र उत्तम येते. ओल्या चिकणमातीत लहरी थोड्याच खोलीवर विरतात आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. अशा वेळी "इथे काही नाही" असा अहवाल देणे ही गंभीर चूक, कारण त्या एका वाक्यावर ती जागा पुढची वीस वर्षे कोणी पाहत नाही. अहवालात "या मातीत हे उपकरण चालत नाही" असेच लिहायला हवे.

कोलोराडोतल्या गनिसन भागात १९७४ मध्ये बेपत्ता झालेल्या तरुणीचे केस १९७९ मध्ये डोंगरातल्या एका वाटेवर सापडले होते. त्यात अडकलेल्या वनस्पतींच्या तुकड्यांवरून नेक्रोसर्चच्या लोकांनी उताराचा अंदाज बांधला आणि १९९२ मध्ये तिथून कवटी मिळाली. पुढच्या वर्षी आरोपी दोषी ठरला. केस तेरा वर्षे पोलिसांपाशीच होते. त्यांतल्या काड्यांकडे वनस्पतीशास्त्रज्ञाच्या नजरेने कोणी पाहिले नव्हते.

वहीखाते

"चुकले तर भोगायचे कोणी" यावर अजून कोणी पूर्ण उत्तर दिलेले नाही. भोगतो तो आरोपी, आणि त्याच्याबरोबर मृताचे घरचेही. म्हणून फाईल कशी वाचायची याला माझ्या मते डीएनएइतकेच महत्त्व आहे.

सगळे कागद स्कॅन करून सलग पृष्ठक्रमांक द्यायचे. प्रत्येक नाव, टोपणनाव, गाडीचा क्रमांक यांची सूची करायची. हाताने लिहिलेली टिपणे आणि टंकलिखित अहवाल शेजारी ठेवून वाचायचे, कारण टंकलेखनात वगळलेली ओळ हीच पुष्कळदा कामाची असते. मुद्देमालाच्या प्रत्येक वस्तूपुढे ती शेवटची कोणाच्या ताब्यात होती आणि आज प्रत्यक्ष कुठे आहे, ते डोळ्यांनी पाहून लिहायचे. यादीत आहे म्हणजे खोलीत आहे असे धरायचे नाही.

आणि मग सर्वांत फलदायी यादी : संशयातून वगळलेली माणसे, आणि वगळल्याचे कारण. कारण "पत्नीने सांगितले घरी होता", "रक्तगट जुळला नाही" किंवा "लाय डिटेक्टर पास झाला" असे असेल, तर ते नाव परत यादीत घ्यायचे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ग्रीन रिव्हर खुनांतला गॅरी रिजवे १९८४ मध्ये लाय डिटेक्टर चाचणीत उत्तीर्ण झाला होता. १९८७ मध्ये त्याच्या लाळेचा नमुना कापडाच्या तुकड्यावर घेऊन कोणीतरी नीट जपून ठेवला, म्हणून २००१ मध्ये डीएनएने तो पकडला गेला. यंत्राने त्याला सोडले होते, जपलेल्या कापडाच्या तुकड्याने पकडून दिले.

तसेच फाईलमधले जुने "शास्त्र" आजच्या कसोटीवर पुन्हा घासायचे. चावल्याच्या खुणांची जुळणी, सूक्ष्मदर्शकाखाली केसांची जुळणी, जळिताच्या जागी काचेला गेलेल्या बारीक तड्यांवरून काढलेला निष्कर्ष, यांतले काहीही आता जसेच्या तसे धरता येत नाही. गोळ्यांतल्या शिशाच्या रासायनिक तुलनेची चाचणी तर एफबीआयने २००५ मध्ये बंदच केली.

दुसरा धोका प्रभावाचा. २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटानंतर एका ठशावरून ओरेगॉनमधल्या एका वकिलाला अटक झाली. एफबीआयच्या तज्ज्ञांनी ठसा त्याचाच म्हटले, आणि कोर्टाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही दुजोरा दिला. ठसा दुसऱ्याच माणसाचा निघाला. पहिल्या तज्ज्ञाचे मत माहीत असताना दिलेले दुसरे मत स्वतंत्र राहत नाही. म्हणून बैठकीत तपास अधिकाऱ्याने आपला संशयित सांगण्याआधी प्रत्येकाने आपले निरीक्षण कागदावर लिहून द्यावे. आधी फोटो आणि मोजमापे, मग जबाब, आणि संशयितांची नावे सर्वांत शेवटी. सभासद याला कंटाळतात, पण एका मोठ्या नावाच्या माणसाने पहिल्या दहा मिनिटांत "हे जवळच्याचेच काम" म्हटले, की उरलेली खोली त्याच दिशेने वाहते.

पात्रतेची पडताळणीही हवीच. विडोकच्या संस्थापकांपैकी रिचर्ड वॉल्टर यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या १९८२ च्या एका खटल्यात मानसशास्त्रीय साक्ष दिली होती. आपल्या अनुभवाबद्दल त्यांनी शपथेवर सांगितलेल्या गोष्टी खऱ्या नव्हत्या, या कारणावरून फेडरल अपील कोर्टाने २००९ मध्ये ती शिक्षा रद्द केली आणि खटला पुन्हा चालवावा लागला. मृतांच्या कुटुंबांना पंचवीसहून जास्त वर्षांनी तेच सगळे पुन्हा ऐकावे लागले. गटात घेताना पदव्या, नोकरीचे दाखले, आधीच्या साक्षी हे सगळे मूळ ठिकाणी विचारून घ्यावे. ओळखीवर विसंबू नये. आणि मानसशास्त्रीय अंदाज कोणाला आधी भेटायचे ते ठरवायला वापरावा, कोणाला पकडायचे ते ठरवायला नाही.

कायद्याची एक बाजू स्वयंसेवक हमखास विसरतात. ब्रेडी विरुद्ध मेरीलँड (१९६३) या निकालानुसार आरोपीच्या बाजूने जाणारी माहिती सरकारी पक्षाला द्यावीच लागते, आणि काइल्स विरुद्ध व्हिटली (१९९५) नंतर सरकारच्या वतीने काम करणाऱ्यांपाशी असलेली माहितीही त्यात येते. म्हणजे बैठकीत तुम्ही वहीत लिहिलेले "मला तर शेजारीच वाटतो" हे वाक्य उद्या बचाव पक्षापुढे ठेवावे लागू शकते. टिपणे फाडून टाकणे हा त्यावरचा उपाय नाही. विचारपूर्वक लिहायचे, तारीख घालायची, सगळे तपास अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यायचे आणि घरी प्रत ठेवायची नाही.

उंबरठा

दप्तर यांनी सांगितलेल्या दुसऱ्या अटीवर मला स्पष्ट आक्षेप नोंदवायचा आहे. वहीखाते यांनी ग्रीन रिव्हरचे उदाहरण दिले. रिजवेला एकूण ४९ खुनांसाठी शिक्षा झाली आणि मारल्या गेलेल्यांत बहुतेक देहविक्रय करणाऱ्या किंवा घर सोडून रस्त्यावर आलेल्या तरुणी, मुली होत्या. ती अट लावली तर त्यांतल्या बहुतेकींचे प्रकरण टेबलापर्यंत पोहोचलेच नसते. ज्यांच्यासाठी भांडायला कोणी नसते, त्यांनाच अटीने बाहेर ठेवायचे, हे मला मान्य नाही.

या पोकळीत वेगळ्या प्रकारचा गट उपयोगी पडतो. मर्डर अकाउंटेबिलिटी प्रोजेक्ट ही निवृत्त पत्रकार थॉमस हारग्रोव्ह यांनी २०१५ मध्ये काढलेली संस्था. ती एकेका फाईलला हात लावत नाही. एफबीआयकडे जमा होणाऱ्या खुनांच्या नोंदी जिल्हा, मृताचे लिंग, वयोगट आणि मारण्याची पद्धत यांनुसार गटांत पाडते आणि ज्या गटांत उलगडा विलक्षण कमी, ते पुढे करते. हारग्रोव्ह यांनी २०१० मध्येच इंडियानातल्या गॅरी शहराच्या पोलिसांना गळा आवळून मारलेल्या स्त्रियांचा असा एक गट कळवला होता. दखल घेतली गेली नाही. २०१४ मध्ये शेजारच्या हॅमंडमध्ये पकडलेल्या एका खुन्याने गॅरीतले आणखी सहा मृतदेह दाखवले. या पद्धतीत मृताच्या चारित्र्याचा रकानाच नाही, हा तिचा मोठा गुण. उणीव अशी, की पोलिसांनी नोंदच पाठवली नाही तर तो खून तिच्या लेखी घडलेलाच नसतो.

दप्तर

उंबरठा, आक्षेप योग्य आहे आणि मी त्या अटीचे समर्थन करणार नाही. तिच्या मागची व्यावहारिक बाजू एवढीच दिसते, की अशा प्रकरणांत संशयितांचे वर्तुळ फार मोठे असते, साक्षीदार स्वतः अडचणीत असल्याने बोलत नाहीत आणि टोळ्यांशी संबंध असेल तर विनावेतन काम करणाऱ्या सभासदांच्या सुरक्षिततेचा प्रश्न येतो. पण त्यावर प्रकरणागणिक निर्णय घेता येतो. सरसकट अट हवीच असे नाही.

कौलारू यांचा घरच्यांबद्दलचा प्रश्न अर्धा राहिला होता. अमेरिकेत २०२२ च्या ऑगस्टपासून एक कायदा आहे : खून होऊन तीन वर्षे झाली असतील आणि तपास केंद्रीय यंत्रणेकडे असेल, तर जवळचे नातेवाईक फाईलची नव्याने तपासणी मागू शकतात, आणि ती सर्वसाधारणपणे सहा महिन्यांत पूर्ण करायची असते. तपासणी मूळ तपास केलेल्या अधिकाऱ्याने करायची नाही. राज्यांच्या आणि शहरांच्या पोलिसांकडच्या प्रकरणांना मात्र हा कायदा लागू नाही, आणि बहुतेक खून त्यांच्याकडेच असतात. तिथे सरकारी वकिलांच्या कार्यालयाला लेखी पत्र देणे हाच मार्ग. पत्रात "न्याय द्या" एवढेच लिहिले तर ते फाईलला लागून राहते. त्याऐवजी नेमके विचारा : मुद्देमालाची शेवटची मोजणी कधी झाली, कोणत्या वस्तूची डीएनए चाचणी कोणत्या साली झाली, नमुना राष्ट्रीय साठ्यात चढवला आहे का, अर्क किती उरला आहे. या चार प्रश्नांना उत्तर द्यायचे तर कोणाला तरी उठून मुद्देमालाच्या खोलीत जावेच लागते.

माणूस बेपत्ता असेल तर आई-वडील, भावंडे यांनी आपला डीएनए नमुना लवकर देऊन ठेवावा, दोघे-तिघे असतील तर सगळ्यांनी. आई-वडील गेल्यावर तीच जुळणी पुतण्या-भाच्यांवरून करावी लागते आणि फार कमकुवत होते.

कौलारू

सर्वांचे मनापासून आभार. नमुन्याची काचपट्टी शवविच्छेदन कार्यालयात असू शकते हे मी कुठेच वाचले नव्हते. पेशी, त्या पट्ट्यांवर रंग चढवलेला असतो. त्याने डीएनए खराब होतो का?

पेशी

रंगाने थोडा होतो, पण काम अडत नाही. जास्त त्रास देतो तो आवरण चिकटवायचा डिंकासारखा पदार्थ. तो आधी विरघळवून काढावा लागतो, आणि काही पट्ट्यांवर त्याला अनेक दिवस लागतात. घाईने काच उचकटली तर पेशी काचेबरोबर निघून जातात. पट्टीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, तिच्यावरचा क्रमांक जुन्या नोंदवहीशी जुळवा, आणि त्याच व्यक्तीच्या दोन पट्ट्या असतील तर एक न उघडता राखून ठेवा.